आजारी, किनाऱ्यावर

२ जून

चि. ढब्बूस,
आशीर्वाद.

तुझ्या हाताखालची ती सारखी खोकणारी मुलगी परवा फोनवर म्हणाली, "आजोबा, सरांनी सिनेमासाठी तुम्हाला काही गोष्टी विचारायला सांगितल्यात." मी म्हटलं, कोण सर? मग डोक्यात प्रकाश पडला. लहानपणी पोट असं पुढे असायचं तुझं, म्हणून ढब्बू. आता जगाचा सर झालास, पण माझ्या तोंडातून ते नाव काही जायचं नाही.

तिला फोनवरच सांगितलं असतं, पण ती दर वाक्याला "एक मिनिट हं" म्हणते आणि माझा धागा तुटतो. म्हणून लिहितो.

इंजिनखोलीत उतरायला शिडी असते, जिना नव्हे. सरळ उभी, लोखंडी आणि तेलाने बुळबुळीत. उतरताना तोंड शिडीकडे हवं. तुमचे नट ऐटीत पाठ करून उतरले तर पहिल्याच पायरीला कपाळमोक्ष. बॉयलरवरचा माणूस गळ्यात फडकं बांधतो ते घाम पुसायला नाही. झडपेचं चाक उघड्या हाताने धरलं तर तळव्याची कातडी चाकालाच राहते. आणि तिने विचारलं, टॉर्पेडो लागल्यावर आवाज कसा येतो. खाली असलेल्या माणसाला आवाज नंतर येतो. आधी पायाखालची जमीन वर येते आणि गुडघे आपोआप दुमडतात. मग दिवे जातात. मग वाफ फुटते, जाड ताडपत्री कुणी टराटरा फाडावी तशी. त्या वेळी कोणी घोषणा देत नाही रे. एक जण नुसता "शिडी, शिडी" म्हणत होता, एवढंच.

तिघे जण शिडीवरून वर जाईपर्यंत खाली एकाने ती खांद्याने दाबून धरली होती, कारण तिचे वरचे बोल्ट निखळले होते. ही गोष्ट तुला पाठच आहे. झोपताना तीच लागायची तुला.

माझं बरं चाललंय. लाँड्रीतला बॉयलर सुटून सात वर्षं झाली, तरी सहाला जाग येते आणि कुणाचा तरी दाब बघायचा राहिलाय असं वाटतं. तुला फोन लावला की एक बाई सांगते, आपण ज्यांना संपर्क करत आहात ते उत्तर देत नाहीत. बाईचा आवाज छान आहे. हल्ली माझ्याशी सगळ्यात जास्त तीच बोलते.

कामात असशील. मला समजतं.

बाबा


१९ मार्च

चि. ढब्बूस,

वर्षाच्या आत सिनेमा पुरा केलास. निमंत्रणाचं कार्ड मिळालं. कागद इतका जाड, की पाकिटातून काढताना मला वाटलं फरशीचा नमुना पाठवलाय कुणी.

पहिल्या खेळाला माझी खुर्ची पहिल्या रांगेत, आणि मग मंचावर बोलावणार म्हणे. "त्या जहाजावरचे अखेरचे हयात खलाशी." हे कुणी लिहिलं? बाळ, मला नाही जमायचं. गुडघे बोलायला लागलेत, कोट उंदरांनी खाल्लाय, आणि अंधारातून एकदम उजेडात आलं की मला भोवळ येते.

त्या मुलीने सिनेमातली पहिली ओळही वाचून दाखवली. काळ्या पडद्यावर येणार आहे म्हणाली. "माझ्या वडिलांना, जे त्या पहाटे त्या जहाजावर होते." आणि मला विचारते, "आजोबा, रडताय का तुम्ही?"

तेवढी ओळ काढून टाक. मोठेपणा मिरवायला मला आवडत नाही, तुला माहीत आहे.

बाबा


२७ मार्च

ढब्बू,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. मोठेपणा मिरवायला मला फार आवडतं. तीस वर्षं मी दुसरं काय केलं?

कोट शाबूत आहे. गुडघेही.

तू शेवटचा आलास तो रविवार मला आठवतो. आई गेल्यावर दर रविवारी यायचास. त्या दिवशी हातात फाइल होती. चहा समोर ठेवला तरी तू फाइल मांडीवरून हलवली नाहीस. म्हणालास, "बाबा, त्या पहाटे तुम्ही नक्की कुठे होता?" मी म्हटलं, "कुठे म्हणजे? खाली. बॉयलरवर." तू बराच वेळ माझ्या कोपरावरच्या डागाकडे बघत होतास. मग उठलास. चहा तसाच. त्याला आता दोन वर्षं चार महिने झाले.

फाइलमध्ये काय होतं ते मी विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. जहाजावरच्या माणसांची यादी होती ना? माझं नाव त्यात आहे. पुढे दोनच शब्द असतील. "आजारी, किनाऱ्यावर."

आजारीसुद्धा नव्हतो मी. जहाज निघायच्या आदल्या दिवशी खबर फुटली, की लढाईत आपलं जहाज सगळ्यांच्या पुढे राहणार. मी एकवीस वर्षांचा होतो. दुपारी मोरीत जाऊन कपड्याच्या साबणाचा अर्धा तुकडा चावून गिळला. संध्याकाळी मला स्ट्रेचरवरून खाली उतरवलं, आणि ते उतरवणारेच दोघे पुढे बुडाले. माझ्या जागी कोण उभा राहिला ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

कोपरावरचा डाग लाँड्रीतल्या इस्त्रीच्या मशीनचा आहे.

गोष्ट मात्र खोटी नाही. ती ज्याची होती त्याला आम्ही कंदील म्हणायचो. उंच, काटकुळा, आणि वर हे एवढं मोठं डोकं. शिडी त्याने धरली होती. चौथा वर जायचा तो जाऊ शकला नाही. वाफेने भाजलेला, मागून पाण्यातून काढलेला असा तो बंदरावरच्या इस्पितळात माझ्या शेजारच्या खाटेवर आला आणि नऊ दिवस जगला. त्या नऊ दिवसांत त्याने मला सगळं सांगितलं. शिडी, चाक, फाटणारी ताडपत्री, सगळं त्याचं. मी फक्त "तो" काढून "मी" घातला. आणि शेवटी त्याला वर आणला, कारण गोष्ट सांगणारा मेला तर मुलगा झोपणार कसा?

पहिल्या दिवशी शुद्ध आल्यावर मला बघून तो काय म्हणाला माहीत आहे? "बरं झालं तुझं पोट दुखलं." टोमणा नव्हता. मनापासून म्हणाला.

तुला सगळं ठाऊक असताना तू ती ओळ का ठेवलीस? मला पकडायला, की सांभाळायला? काहीही असो, ती काढ. आता कारण खरं दिलंय.

बाबा


९ एप्रिल

ढब्बू,

तुझं उत्तर नाही. नसेना. मी लिहितोय कारण हे सांगायला दुसरं कोणी नाही.

आज मी कंदीलच्या बहिणीकडे गेलो. त्यांचं किल्ल्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. माझ्या घरापासून फार लांब नाही. बावन्न वर्षं मी त्या गल्लीतून गेलेलो नाही. कुलूप बिघडलं तरी पार गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचो. तुझी आई म्हणायची, "जवळ दुकान असताना कुठे निघालात?" आणि वर आणखी काही म्हणायची नाही.

दुकान म्हणजे भिंतीतला कोनाडाच. मागे खिळ्यांवर शेकडो कोऱ्या किल्ल्या, पुढे मशीन, आणि मशीनमागे ती. सहासष्ट वर्षांची, चष्मा कपाळावर, बोटांना पितळेचा भुगा. डोकं भावाचंच. मी आपली घराची किल्ली पुढे केली.

"एकच हवी?"

"एकच."

"घरात कोण कोण आहे?"

"मी एकटाच."

"मग दुसरी कुणासाठी?"

तिने किल्ली मशीनला लावली आणि त्या करकरीतच मी म्हणालो, की मी तुमच्या भावाच्या जहाजावरचा आहे. तिने मशीन बंद केलं नाही. किल्ली पुरी केली, फुंकर मारली, मग म्हणाली, "सिनेमा येतोय म्हणून आलात ना? पेपरवाले येऊन गेलेत. त्यांना सांगितलं तेच सांगते. तो जागच्या जागी गेला. त्याला कळलंसुद्धा नाही. तारेत तसंच लिहिलं होतं."

मी म्हटलं, "तार चुकीची होती."

तिने मला स्टूल दिलं आणि स्वतः उभी राहिली.

त्या दिवशी इस्पितळात पन्नास-साठ माणसं एकदम आणली होती. खाटेला नावाच्या पाट्या अडकवताना घोळ झाला. कंदीलच्या खाटेला दुसऱ्याच कुणाची तरी पाटी लागली, आणि तो जहाजावरच गेला असं धरून घरी तार गेली. चेहरा पट्ट्यांत, आवाज इतका बसलेला की फक्त शेजारच्या खाटेला ऐकू जाईल. शेजारची खाट माझी. पाटी चुकलीय हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

"कुठल्या इस्पितळात?" तिने विचारलं.

"बंदरावरच्या."

"म्हणजे इथून चालत अर्धा तास."

"हो."

"आमचा पत्ता ठाऊक होता तुम्हाला?"

"त्यानेच सांगितला होता."

"मग?"

मी म्हटलं, "तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही सगळे आला असतात. आणि मला विचारलं असतंत, तुम्हाला काय झालंय."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने काउंटरवरचा भुगा हाताने एका बाजूला केला, मग पुन्हा दुसऱ्या बाजूला केला. म्हणाली, "आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. रोज म्हणायची, त्याला त्रास झाला नाही, एवढं तरी देवाने केलं. आता हे नऊ दिवस आणून देताय मला. मी ते ठेवू कुठे?"

मी उठायला लागलो. तर म्हणाली, "बसा. नाहीतर आज नकोच. एकदम नका सांगू. उद्यापासून या. दुपारी एक ते दोन मशीन बंद असतं. एका दुपारी एकच दिवस सांगायचा. मधला एकही गाळायचा नाही."

नवी किल्ली तिच्याकडेच राहिली.

बाबा


२० एप्रिल

ढब्बू,

पहिल्या खेळाला मी आलो नाही. पेपरमध्ये तुझा फोटो पाहिला. केस पांढरे झालेत रे तुझे.

मी नऊही दुपारी गेलो. ती समोर डबा उघडून बसायची आणि एक घासही खायची नाही. पहिल्या दिवशी शिडी. दुसऱ्या दिवशी कंदीलने मला वीस वेळा पाणी मागितलं ते. तिसऱ्या दिवशी तो बहिणीबद्दल बोलला होता. चौदा वर्षांची आहे आणि कुठलंही कुलूप केसाच्या पिनने उघडते म्हणाला. हे ऐकून ती म्हणाली, "पिनने नाही, सायकलच्या तारेने. त्याला कधी नीट दिसलंच नाही." आणि पदराने चष्मा पुसत बसली.

चौथ्या दिवसापासून मला सांगणं जड जायला लागलं, कारण चौथ्या दिवशी त्याने विचारलं होतं, "घरी कळवलंस का रे?"

मी म्हटलं होतं, "कळवलं. येतायत."

मग रोज तेच. सकाळी डोळे उघडले की, "आले का?" मी म्हणायचो, वाटेत असतील. गर्दी आहे फाटकावर. पास मिळत नाही. मला इतक्या सबबी सुचतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याचा माझ्यावर विश्वास बसायचा. सातव्या दिवशी म्हणाला, "ताटकळली असेल पोरगी, तिला खाली काहीतरी खायला दे."

हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती उठून मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि खिळ्यांवरच्या किल्ल्या सरळ करत राहिली. त्या आधीच सरळ होत्या.

नवव्या दुपारी जाताना वाटेत मी ठरवलं होतं, की आज खोटं बोलायचं. सवय आहे, सोपं गेलं असतं. तो झोपेत गेला, मी हात धरून होतो. हे ऐकून तिला बरं वाटलं असतं, मलाही. पण स्टुलावर बसलो आणि ती म्हणाली, "हं, सांगा." तेवढं म्हणण्यात तिचा माझ्यावर इतका भरवसा दिसला, की मला ते जमलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी वॉर्डातल्या मदतनीस मुलीला म्हटलं, माझी खाट दुसऱ्या टोकाला हलव. उजेड डोळ्यांवर येतो म्हणालो. उजेड कसला! मला तो प्रश्न परत ऐकायचा नव्हता. तिने खाट ढकलत नेली. तीस खाटा पलीकडून मी बघत होतो. तो तोंड माझ्या रिकाम्या जागेकडे करून काहीतरी बोलत होता. काय ते मला माहीत होतं. दुपारपर्यंत बोलत होता.

"मग त्याच्याजवळ कोणी नव्हतं?" तिने विचारलं.

"होती. ती मुलगी परत त्याच्याकडे गेली. स्टूल घेऊन बसली."

"हात धरून?"

"हाताला पट्ट्या होत्या. चादरीचं टोक धरून."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत. डॉक्टर ओरडले तिला, बाकीचे पेशंट पडलेत म्हणून. उठली नाही."

"ती कुठे असते आता?"

मी म्हटलं, "चार वर्षांपूर्वी गेली. बायको होती माझी."

आम्ही इस्पितळात भेटलो हे तुला ठाऊकच होतं. बाकीचं आता कळलं. मी तुला ती गोष्ट सांगायला लागलो की आई उठून स्वयंपाकघरात जायची, आठवतं? मी समजायचो तिला भीती वाटते. एकदाही तिने मला अडवलं नाही, एकदाही म्हणाली नाही की हा माणूस त्या शिडीजवळ नव्हता. मला सांभाळत होती, की मी स्वतःहून थांबेन याची वाट बघत होती? विचारायचं राहिलं. आता कोणाला विचारू?

दोन वाजले. बहिणीने डबा बंद केला. मला म्हणाली, "तुम्हाला माफ करायचं की नाही हे मला ठरवता येत नाही. घाई करू नका." मी म्हटलं, मी माफी मागितलेलीच नाही. म्हणाली, "तेही दिसतंय मला."

मग मशीन सुरू केलं.

बाबा


४ मे

ढब्बू,

आज दुपारी तुझा सिनेमा पाहिला. सकाळी बहिणीचा फोन आला. "तीनच्या खेळाची दोन तिकिटं काढलीत. वेळेवर या." बस्स, एवढंच.

थिएटरात मोजून अकरा माणसं. आमच्यामध्ये तिने एक खुर्ची रिकामी सोडली आणि तिच्यावर पिशवी ठेवली. दिवे गेले. पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. काही आलं नाही. आवाजही नाही. तिला वाटलं मशीन बिघडलं. मला कळलं. ओळ काढलीस, पण तिची जागा तेवढीच ठेवलीस. म्हणजे माझं पत्र वाचलंस तू. तेवढ्या अंधारात मी तुझ्याजवळ बसल्यासारखं मला वाटलं. पुढे समुद्र आला.

काय केलंयस रे ते! एवढी जहाजं, एवढी आग. समोरून टॉर्पेडोची रेघ येते तेव्हा पुढच्या रांगेतल्या माणसाने पाय वर उचलून घेतले. इंजिनखोलीत सगळे नीट तोंड शिडीकडे करून उतरतात, ते पाहून बरं वाटलं. कंदील झालेला नट आला तेव्हा बहीण माझ्याकडे झुकून म्हणाली, "बुटका आहे. आणि डोकं लहान."

मग दिवे गेले, ताडपत्री फाटली, शिडी सुटली. त्याने खांदा लावला. पहिला चढला, दुसरा चढला. मी डोळे मिटून घेतले होते. हे मी तुझ्या उशाशी बसून शेकडो वेळा सांगितलं, पण पाहिलं कधीच नव्हतं. शेजारून तिचा श्वास ऐकू येत होता. तिसरा चढला. मग काही क्षण नुसती वाफ. आणि मग ती मोठ्यांदा ओरडली, "अहो, हा वाचला!"

मी डोळे उघडले. तो डेकवर उताणा पडून आकाशाकडे बघत होता आणि त्याची छाती वरखाली होत होती.

"वाचला की हो!" पुढचा माणूस "शू" म्हणाला. तिला काही फरक पडला नाही. ती हसत होती आणि चष्म्याखालून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही तिच्या ध्यानात नव्हतं. शेवटी तो म्हातारा होऊन मुलाला खांद्यावर घेऊन किनाऱ्यावर चालतो, ते सगळं तिने हनुवटी हातावर टेकून, एखाद्या पोरीसारखं पाहिलं. ते म्हातारपण मी त्याच्याकडून घेतलं होतं. तू ते त्याला दिलंस, आणि ते त्याला शोभत होतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. तिने पिशवीतून माझी नवी किल्ली काढून मला दिली. मी म्हटलं, तुम्हाला घरापर्यंत सोडू का? म्हणाली, "नको. मी उद्या परत बघणार आहे. एकटीने. तुम्ही येऊ नका."

मी मान हलवली.

पाच-सहा पावलं गेली आणि वळली. "त्याला वर आणायचं कोणी ठरवलं? तुम्ही की मुलाने?"

"गोष्टीत मी. सिनेमात त्याने. खरं काय ते त्याला माहीत होतं, तरी."

"मग त्याला माझा निरोप द्या," ती म्हणाली. "म्हणावं, बहीण आली होती. भावाला भेटून गेली."

ती गर्दीत दिसेनाशी झाल्यावर मी चालत निघालो. आता साडेसहा वाजलेत. पोस्टाची पेटी सातला उघडतात, तोवर हे पत्र पडायला हवं. निरोप मिळाला त्याच दिवशी कळवतोय.

बाबा